पहिला गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

१०८०पी (फुल एचडी) वर खेळायचं असेल तर बजेटचा सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्या. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि ८ जीबीचं आरएक्स ६६०० हे कार्ड, ही जोडी छान जमते.

५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली तर स्क्रीन काळीच राहणार. ती कार्डालाच लावायची. बी४५० मदरबोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर दुकानातच त्याचं बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर प्रोसेसर ओळखलाच जात नाही.

रॅम १६ जीबीची एक नको, ८-८ च्या दोन घ्या. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. टक् आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे पीसी चालू न होण्याचं नेहमीचं कारण. मग बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, एरवी ३२०० ची रॅम कमी वेगावर रखडते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र घेऊ नका. आकडा ५०० वॅटचा असला तरी भार आला की मान टाकतो आणि खेळ ऐन रंगात असताना पीसी रीस्टार्ट होतो. ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कार्यक्षमतेचा दर्जा) पुरे. झगमगते पंखे पुढच्या पगारात.