दारं धरायची चार्जिंगची बॅटरी टिकवायची कशी

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं, म्हणजे दारं धरायची, आणि मोटारीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची, म्हणजे उजेडाला बॅटरी (टॉर्च) हवीच. पण मराठवाड्यात अनेक घरांत दर हंगामाला नवी घेतली जाते. बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो फक्त आतला सेल.

मोठ्या, स्वस्त बॅटऱ्यांत 4 व्होल्टचा शिशाचा सेल असतो. तो पार उतरवून तसाच ठेवला की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो, मग चार्जिंग धरत नाही. पावसाळाभर खुंटीला टांगलेली बॅटरी दिवाळीनंतर दहा मिनिटांत विझते ती यामुळेच. उजेड मंदावला की बंद करा, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज कराच. उलट, खोक्यावर लिहिलेल्या तासांपेक्षा जास्त लावूनही ठेवू नका. स्वस्त बॅटरीचं चार्जिंग आपोआप थांबत नाही आणि सेल फुगतो.

सेल गेला की नाही, हे व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरवर कळतं. पूर्ण चार्ज करून काढा, तासभर थांबा, मग मोजा. 4.2 च्या आसपास असेल तर सेल ठीक. मग स्विच किंवा वायरीचा टाका तपासा. बॅटरी ठोकल्यावर उजेड येत-जात असेल तर दोष हमखास तिथंच. 2 च्या आसपास दाखवलं तर सेलच्या आतल्या 2-2 व्होल्टच्या दोन घरांपैकी एक शॉर्ट आहे, सेल बदलाच.

नवा सेल तेवढ्याच व्होल्टचा, त्याच मापाचा घ्या. आधी जुन्याच्या वायरींचा फोटो काढा. लाल वायर प्लसलाच. शिशाच्या जागी लिथियमचा सेल मात्र कधीही बसवू नका. लिथियमला 4.2 व्होल्टच्या वर नेता येत नाही, शिशाचं चार्जिंग त्याच्या पुढं जातं, आणि सेल पेट घेऊ शकतो.

कपाळाला बांधायची बॅटरी फावडं मारताना सोयीची, दोन्ही हात मोकळे राहतात. बांधावरून चालताना मात्र हातातलीच बरी. कमरेखाली तिरपी धरली की वस्तूंची सावली लांब पडते आणि धसकटातली घोणस, मण्यार वेगळी दिसते. डोळ्यांच्या रेषेतल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. पायात गमबूट हवेतच.

जुना सेल उकिरड्यावर टाकू नका, त्यात शिसं आणि ॲसिड असतं. नवा घेताना दुकानदाराकडेच द्या.