सापळा टांगला, पतंग मोजले का?

पोळा चार दिवसांवर आलाय. पऱ्हाटी (कापूस) पात्या-फुलांवर, म्हणजे कळ्या-फुलांवर आहे, लवकर पेरलेल्या वावरात बोंडंही धरली आहेत. दिवसभर आभाळ, रात्री दमट हवा. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला असेच दिवस मानवतात. म्हणून बाकी सगळं मागे ठेवून एकच विचारतो: काल रात्री तुमच्या कामगंध सापळ्यात किती पतंग पडले?

गेल्या पंधरवड्यात बऱ्याच धुऱ्यांवर हिंडलो. सापळे जवळजवळ सगळीकडे दिसले. पण पिशवीत कुजलेल्या पतंगांचा गाळ, वर पावसाचं पाणी, आणि ल्यूर (नर पतंगाला ओढणारी वासाची गोळी) कधी लावला ते घरात कोणालाच आठवत नाही. विचारलं की उत्तर येतं, "पडून रायले ना भाऊ, मस्त पडून रायले." या 'मस्त'वर फवारणी ठरवता येत नाही. शिफारस अशी आहे की एका सापळ्यात एका रात्री सरासरी 8 पतंग, तेही सलग 3 रात्री पडले, तर फवारणीची वेळ आली. तीन रात्रींचा आकडा लिहिलेलाच नसेल तर ही वेळ कळणार कशी?

आणि वेळ फार थोडी असते. मादी पात्या, फुलं, कोवळ्या बोंडांजवळ अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि काही तासांत आत शिरते. शिरलेलं भोक बुजून जातं. मग बोंड बाहेरून हिरवंगार, आणि आतल्या अळीपर्यंत कोणतंही औषध पोचत नाही. 2017 च्या हंगामात माझ्या ओळखीच्या एका घरी हेच झालं. झाडं छातीएवढी, बोंडांनी लदलेली. वेचणीला बाया लावल्या तेव्हा निम्मा माल कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, निघाला. सापळे त्यांच्याही वावरात होते. आकडे लिहायची वही नव्हती.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गरज नसताना मारलेला प्रत्येक पंप मला तेव्हापासून त्या माणसांची आठवण देतो.

पतंग ओळखायचा कसा

गुलाबी बोंडअळीचा पतंग अगदी लहान, जेमतेम एक सेंटिमीटरचा, करडा-तपकिरी. पुढच्या पंखावर काळपट ठिपके-पट्टे, मागच्या पंखाला झालरीसारखे केस. दिवसा झाडावर सहसा दिसत नाही, रात्रीच उडतो. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून तिथला आकडा म्हणजे वावरातली सगळी संख्या समजू नका.

पिशवीत दुसरी पाखरंही सापडतात. ती यात धरू नका. हिरव्या बोंडअळीचा, म्हणजे घाटेअळीचा पतंग बराच मोठा आणि पिवळसर-तपकिरी असतो. त्याच्या पुढच्या पंखावर मुगाच्या दाण्यासारखा काळपट डाग दिसतो आणि मागच्या पंखाची कड काळी असते. तंबाखूवरील अळीच्या पतंगाच्या पंखावर पांढऱ्या रेघांची आडवीतिडवी जाळी असते. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या पंखावर हिरवा पट्टा असतो, तो पाहिला की चूक होत नाही.

ओळख पटत नसेल तर पतंग पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा आणि सकाळच्या उजेडात दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूनं. कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकतज्ज्ञाला दाखवताना तारीख, गाव आणि पीक सांगा. नाण्याशिवायच्या फोटोत पतंगाचा आकार कळत नाही आणि अर्धी ओळख आकारावरच असते.

अळीच्या बाबतीत सगळे गुलाबी रंग शोधतात. लहान अळी पांढुरकी असते, डोकं काळपट. गुलाबी दिसली म्हणजे ती मोठी झाली, खायचं ते खाऊन बसली.

वही

लेकराची जुनी वही चालेल. रोज सकाळी, ऊन चढण्याआधी, पिशवी रिकामी करून मोजा. रिकामी केली नाही तर कालचेच पतंग आज पुन्हा मोजले जातात. हीच चूक मी सर्वांत जास्त पाहिली. पिशवीच्या तळाला बारीक छिद्र पाडा, पाणी साचणार नाही. एक ओळ अशी:

तारीख / सापळा 1: 6 / सापळा 2: 9 / आभाळ, रात्री झड / डोमकळ्या 3 / ढालकिडे बरेच

डोमकळी म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, ढालकिडे म्हणजे किडी खाणारे मित्रकिडे. दोन सापळ्यांची सरासरी काढा. वरच्या ओळीत ती साडेसात येते. अजून थांबा, पण उद्या चुकवू नका.

आठवड्यातून एकदा एकरभर फिरून 20 झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोन बोंडांत अळी किंवा आतून पोखरलेलं दिसलं, म्हणजे 10 टक्के झाले. मग पतंगांचा आकडा कमी असला तरी फवारणी घ्या. डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा.

सापळ्याची बाकी कामं

- एकरी 2 सापळे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच. झाड वाढलं की सापळा वर घ्या.
- ल्यूर गॉसिप्लुरच मागा, तो गुलाबी बोंडअळीचा असतो. पाकिटावरच्या मुदतीप्रमाणे बदला, तारीख वहीत लिहा.
- तंबाखूचा किंवा औषधाचा हात ल्यूरला लावू नका.

आकडा ओलांडला तर

आकडा कमी असताना 5 टक्के निंबोळी अर्क मारा. एकरी 60,000 अंड्यांची ट्रायकोग्रामाची (अळीची अंडी खाणाऱ्या बारीक मित्रकीटकाची) कार्डं मिळाली तर लावा, त्यानंतर आठवडाभर रासायनिक औषध नको.

आकडा ओलांडला तर एकरी इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के 88 ग्रॅम किंवा प्रोफेनोफॉस 50 टक्के 400 मिली. दोन्हींपैकी एकच. पायरेथ्रॉइड गटातली (सायपरमेथ्रिनसारखी) औषधं नोव्हेंबरच्या आधी नकोत, पांढरी माशी उसळते. कृषी केंद्रावर टॉनिक, बुरशीनाशक आणि दोन कीटकनाशकं एकाच पंपात घालून देतील, वर "उधारीवर न्या" म्हणतील. तिथं वही काढा आणि आपला आकडा सांगा. हवं ते एकच औषध आणि पक्कं बिल घ्या. एका फवारणीच्या पैशात एकराचे सापळे येतात. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ. उपाशीपोटी पंप उचलू नका.

आता माझा अंदाज, विद्यापीठाची शिफारस नव्हे. आपल्याकडे जुने लोक म्हणतात, पोळ्याच्या अमावस्येला पाखरू अंडी घालतं. माझ्या वहीतही बहुतेक वर्षी अमावस्येच्या आसपासचे आकडे चढलेले आहेत. म्हणून अमावस्येच्या आधीचे तीन आणि नंतरचे पाच दिवस मी सकाळची फेरी चुकवत नाही. पण अमावस्या आली म्हणून आकडा न बघता औषध मारू नका.

सोयाबीनवाल्यांनी तंबाखूवरील अळीसाठी आणि तुरीला फुलं येतील तेव्हा घाटेअळीसाठी त्यांचे वेगळे ल्यूर लावावेत. वही तीच, फक्त पान वेगळं.

डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुन्हा पाणी देऊन राखलेलं पीक, ठेवू नका. त्यानंतरही जिनिंगजवळ किंवा सरकी साठवलेल्या जागी एक सापळा जानेवारी-फेब्रुवारीत टांगून ठेवा आणि तिथले आकडेही त्याच वहीत लिहा.