मुरमाच्या रस्त्यासाठी आणि वाडीच्या देखभालीसाठी छोटा ट्रॅक्टर कसा निवडावा

नागपूरच्या आसपास काटोल, कळमेश्वर, हिंगणा किंवा उमरेडच्या बाजूला दोन-चार एकर घेऊन तिथे घर बांधणाऱ्याला पहिल्या पावसाळ्यानंतर एक गोष्ट नक्की कळते: डांबरी रस्त्यापासून दारापर्यंतचा मुरमाचा रस्ता स्वतःच्या बळावर टिकत नाही. दरवर्षी भाड्याने जेसीबी बोलावण्यापेक्षा छोटा ट्रॅक्टर आणि मागे जोडायचे ब्लेड घरीच असावे, हा विचार योग्यच आहे. मात्र खरेदीचा विषय निघाला की प्रत्येक सल्लागार आधी एचपी विचारतो आणि तिथूनच निवड चुकते. रस्ता सपाट करण्याच्या कामात इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. कमी पडते ते चाकांवरचे वजन आणि त्याहूनही अधिक हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजार वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, नेमकेपणा. माझ्या वाडीसाठी दोन आणि नातेवाइकांसाठी चार ट्रॅक्टर मी आजवर निवडले आहेत. त्यांपैकी पहिला साफ चुकला होता, म्हणून हे लिहीत आहे.

आधी मोजमाप

रस्त्याची लांबी-रुंदी, फाटकाची रुंदी आणि सर्वांत खाली आलेली फांदी मोजून घ्यावी. संत्र्याची लागवड ६ × ६ मीटर अंतरावर असली, तरी झाडे वाढल्यावर दोन ओळींमध्ये मोकळी जागा जेमतेम पाच-सहा फूट उरते. तेव्हा चार फुटांच्या आतील रुंदीचा ट्रॅक्टर आणि खाली वळवलेला सायलेन्सर हवा.

रस्त्यावर मुरूमच नसेल तर ट्रॅक्टर घेऊनही उपयोग नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर पसरलेला पातळ थर दोन पावसांत गिळून टाकते. अशा जमिनीवर दबाईनंतर निदान सहा इंचांचा थर उरायला हवा. दहा फूट रुंदीच्या रस्त्याला दर शंभर फुटांमागे ५०० घनफूट, म्हणजे पाच ब्रास मुरूम लागतो. दबाईत तो बसतो, म्हणून सहा-साडेसहा ब्रास मागवावा.

वजन आणि चारही चाकांची ओढ

माझा पहिला ट्रॅक्टर जुना, १५ एचपीचा, मागच्या दोनच चाकांवर चालणारा आणि वजनाने आठशे किलोच्या आत होता. त्याच्यामागे मी पाच फुटी ब्लेड जोडले, कारण ते स्वस्तात मिळत होते. कोरड्या जागी तो बरा चालला. पण नाल्याजवळच्या उतारावर ब्लेडसमोर मुरमाचा ढीग साचला की इंजिन शांतपणे गुरगुरत राही आणि मागची चाके जागेवरच फिरून स्वतःसाठी दोन खड्डे खणत. बुजवायला गेलो त्यापेक्षा मोठे खड्डे करून मी परत येत असे.

कारण सरळ आहे. सुट्या मुरमावर चाक जास्तीत जास्त किती ओढू शकते, हे त्या चाकावर किती वजन आहे यावर ठरते आणि ढोबळ मानाने ती ओढ वजनाच्या निम्म्याच्या आसपास थांबते. मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांवरील वजन ओढीच्या कामी येतच नाही. त्यामुळे या कामासाठी माझे मत ठाम आहे: २० ते २८ एचपीचा, चारही चाकांना ओढ असणारा ट्रॅक्टर घ्यावा. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा बी २४४१ हे २४ एचपीचे, तर जॉन डिअर ३०२८ ईएन हा २८ एचपीचा. तिघेही चारचाकी ओढीचे आहेत आणि बागेतही चालतात. पैसे वाचवायचे असतील तर एचपीमध्ये वाचवावेत, चारचाकी ओढीमध्ये वाचवू नयेत. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरले की टायर सुमारे तीन चतुर्थांश भरतो आणि फुकटात वजन वाढते. हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

हायड्रॉलिक: इथेच बहुतेकांची निवड फसते

दुसरा ट्रॅक्टर घेतल्यावर ओढीचा प्रश्न सुटला आणि खरा प्रश्न समोर आला. एका उन्हाळ्यात मी तोच रस्ता चार वेळा ओढला आणि प्रत्येक खेपेला तो आधीपेक्षा वाईट झाला. साधारण पाच-पाच फुटांवर एकेक अशा लाटा उमटल्या, इतक्या नियमित की स्कूटरवरून येणाऱ्या दूधवाल्याने भांडे फाटकाबाहेरच ठेवायला सुरुवात केली. मी ब्लेडला दोष दिला, मग मुरमाला, मग चालकाला. चालक मीच होतो.

अखेर रस्त्यांच्या कामावर मोटर ग्रेडर चालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी बांधावर उभे राहून दोन मिनिटे पाहिले आणि काठीने मातीत रेघ ओढून कारण समजावले. ग्रेडरचे पाते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असते, त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढले तरी पाते त्याच्या निम्म्यानेच वर जाते. ट्रॅक्टरचे ब्लेड मात्र मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळत असते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की मागचे ब्लेड खाली जाऊन माती खणते. मागचे चाक चढले की तेच ब्लेड उचलले जाऊन माती सोडते. म्हणजे जुना उंचवटा कापण्याऐवजी ट्रॅक्टर त्याची नक्कल पुढे उमटवत जातो, आणि लाटांमधील अंतर साधारण दोन्ही धुऱ्यांमधील अंतराइतके येते. मी टेप लावून पाहिले, तसेच होते.

यात हायड्रॉलिकची भर पडते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला सहसा दोन प्रकारची नियंत्रणे असतात. ड्राफ्ट कंट्रोल नांगरटीसाठी असते: ओढ वाढली की अवजार आपोआप थोडे वर उचलायचे, ओढ कमी झाली की खाली सोडायचे. शेतात हे उत्तम. रस्त्यावर हाच घात. कडक उंचवटा आला की ब्लेड वर उचलले जाते आणि भुसभुशीत खड्डा आला की खाली जाते, म्हणजे जिथे कापायचे तिथे कापत नाही आणि जिथे कापू नये तिथे कापते. पोझिशन कंट्रोलमध्ये मात्र ब्लेड ट्रॅक्टरच्या मानाने ठरलेल्या उंचीवर स्थिर राहते. रस्त्यासाठी तेच हवे, आणि त्याचा दांडा वेगळा व बारीक हालचालीला प्रतिसाद देणारा हवा.

हे दुकानात कसे तपासावे, हे कोणीच सांगत नाही, म्हणून माझी पद्धत सविस्तर देतो. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून ब्लेड जोडायला लावावे. ब्लेडखाली एक वीट आडवी घालून, वीट जेमतेम आत सरकेल इतक्या उंचीवर दांडा थांबवावा आणि तिथे खडूने खूण करावी. मग ब्लेड पूर्ण वर उचलून दांडा पुन्हा त्याच खुणेवर आणावा. वीट पुन्हा तशीच सरकली पाहिजे. असे तीनदा करावे. एकदा वीट अडकली आणि एकदा वर दोन बोटे फट राहिली, तर तो ट्रॅक्टर रस्त्याच्या कामाचा नाही, मग त्याचा रंग कितीही चकाकत असो. शेवटी इंजिन बंद करून पाच-सात मिनिटे थांबावे. तेवढ्यात ब्लेड विटेवर येऊन टेकले तर आतून तेल झिरपते आहे असे समजावे. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही तपासणी टाळणे म्हणजे पुढचा खर्च स्वतःहून अंगावर घेणे.

उचल क्षमतेच्या आकड्यानेही फसू नये. माहितीपत्रकात ७५० किलो लिहिलेले असते ते सहसा खालच्या दोन लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दोन दांड्यांच्या, टोकाशी मोजलेले असते. ब्लेडचे वजन मात्र त्या टोकाच्या बरेच मागे असते आणि तिथे उचल कमी भरते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात टोकापासून ६१० मिलिमीटर मागे धरून मोजलेला आकडाही असतो, तसेच जास्तीत जास्त ओढही दिलेली असते. तो अहवाल मागावा; विक्रेत्याने हात झटकले तर त्यातूनही काही कळतेच.

ब्लेडची रुंदी हा याच टप्प्याचा भाग आहे, कारण चाकांच्या खुणा पुसल्या न गेल्यास रस्ता कधीच सपाट दिसत नाही. मुरूम कडेने वळवायला ब्लेड तिरके करावे लागते आणि तिरके केले की ते आखूड होते. चार फुटी, म्हणजे ४८ इंची ब्लेड ३० अंशांत वळवल्यावर साडेएक्केचाळीस इंचच झाकते. मागच्या टायरची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी ४० इंच असेल तर ठीक. ४४ असेल तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंचाचा पट्टा राहणार आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यातूनच वाहणार. म्हणून टायर मोजल्याशिवाय ब्लेडचा सौदा करू नये.

पाणी दोन्ही बाजूंना उतरण्यासाठी रस्त्याचा मध्य उंच हवा. चार टक्के उताराने दहा फुटी रस्त्याच्या मध्यभागी सुमारे अडीच इंच उंची येते. त्यासाठी ब्लेडची एक बाजू खाली झुकवावी लागते आणि ते काम उजव्या लिफ्ट रॉडवरील (उजवी लिंक उचलणाऱ्या सळईवरील) फिरवायची मूठ करते. ती हाताने फिरते का, हे स्वतः फिरवून पाहावे. पाना आणि हातोडा लागत असेल तर आपण ती वर्षातून एकदाही फिरवणार नाही.

लाटांचा अंतिम उपाय मला ट्रॅक्टरच्या दुकानात सापडला नाही. दोन्ही बाजूंना पत्रे असलेले पेटीसारखे ब्लेड साध्या ब्लेडपेक्षा चांगले, कारण ते स्वतःच्या पत्र्यांवर टेकून घसरते. पण त्याहून चांगला निघाला तो भंगारातील दोन लोखंडी गर्डर साखळीने मागेपुढे बांधून केलेला पाटा. तो हायड्रॉलिकवर लटकत नाही, जमिनीवर मोकळा पडलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टर वरखाली झाला तरी तो उंचवटे खरवडतो आणि खड्डे भरतो. ब्लेडने मुरूम सोडवावा आणि शेवटचे दोन-तीन हात पाट्याने फिरवावेत, असा क्रम मी आता ठेवला आहे.

चाचणी स्वतःच्याच रस्त्यावर

दुकानाच्या सिमेंटच्या अंगणात किंवा कृषी प्रदर्शनातील गालिच्यावर प्रत्येक ट्रॅक्टर उत्तम चालतो. चाचणी आपल्या रस्त्यावर आणि पावसाची एक-दोन सर पडून गेल्यावर घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना मुरूम दगडासारखा झालेला असतो. त्यावर ब्लेड नुसते उड्या मारते आणि भर पावसात तोच चिखल होतो. पुढे-मागे जाण्यासाठी एकच सोपा दांडा असावा, कारण या कामात तासाभरात पन्नास वेळा दिशा बदलावी लागते. ब्लेड वर उचलून चढावर जाताना पुढची चाके हलकी होतात का, तेही याच वेळी पाहावे. होत असतील तर पुढे लावायची वजने सौद्यातच घ्यावीत.

उरलेली कामे

फवारणीचा ब्लोअर, गवत कापण्याचे यंत्र, छोटा रोटाव्हेटर आणि ट्रॉली ही कामे पीटीओ (इंजिनाच्या ताकदीने अवजार फिरवणारा मागचा दांडा) असलेला वरीलपैकी कोणताही ट्रॅक्टर करतो. त्यासाठी वेगळा विचार करण्याची गरज नाही. झाडाखाली जाताना मागची संरक्षक कमान दुमडली असेल तर सीटबेल्ट लावू नये आणि बाहेर आल्यावर कमान उभी करून तो लावायला विसरू नये.

अनुदान हवे असल्यास राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नये; आधीचे बिल चालत नाही. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा त्याआधीचे दरपत्रक कोणी दाखवले तर ते बाजूला ठेवावे.

ट्रॅक्टर घरी आल्यावर विटेची तपासणी आपल्या अंगणात पुन्हा एकदा करावी आणि दांड्याजवळची खूण खडूऐवजी पक्क्या रंगाने करावी. माझ्याकडे ती खूण मुलीच्या नेलपॉलिशची आहे. बोटे घासून दिवाळीपर्यंत ती पुसट होते, आणि पावसाळ्यानंतरचा पहिला हात फिरवण्याआधी वीट काढून मी ती पुन्हा रंगवतो.