रूकीज कपचा हंगाम: या चुका टाळा, आणि त्याआधी निदान नीट करा

रेड बुल मोटोजीपी रूकीज कप ही किशोरवयीन स्वारांची मोटारसायकल शर्यतींची स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली आणि योहान झार्को तिचा पहिला विजेता ठरला. २०१३ पासून सर्व स्पर्धकांना केटीएम आरसी २५० आर ही एकाच जातीची, एक सिलिंडरची फोर-स्ट्रोक मोटारसायकल दिली जाते. सर्वांचे यंत्र सारखे असल्याने मागे पडण्याचे कारण बहुतेक वेळा स्वाराच्या निर्णयात सापडते. मात्र ते शोधताना नवखे स्वार आणि त्यांचे पालक वारंवार चुकतात, त्यामुळे दुखणे एकीकडे राहते आणि इलाज भलतीकडे होतो.

पात्रता फेरीतील, म्हणजे शर्यतीत सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्रातील, उसना वेग हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. लहान इंजिनाच्या मोटारसायकलला सरळ मार्गावर हवेचा अडथळा फार जाणवतो, त्यामुळे पुढच्या स्वाराच्या मागे, स्लिपस्ट्रीममध्ये, राहिले की एका फेरीत सहज काही दशांश सेकंद वाचतात. तेवढ्यासाठी अनेक जण वेग कमी करून, मागे वळून पाहत, एखाद्या वेगवान स्वाराची वाट बघत राहतात. हे दंडास पात्र आहेच, शिवाय मागून पूर्ण वेगाने येणाऱ्यासाठी ते धोक्याचे आहे. जुलै २०२१ मध्ये आरागॉन येथे युरोपियन टॅलेंट कप या किशोरांच्याच दुसऱ्या स्पर्धेच्या शर्यतीत पडलेल्या १४ वर्षांच्या ह्युगो मिलान याला मागून आलेल्या मोटारसायकलची धडक बसली आणि त्याचा मृत्यू झाला. वेगातील फरक आणि जवळजवळ धावणारा घोळका यांचा मेळ किती घातक ठरतो, हे त्यानंतर कोणाला नव्याने सांगावे लागू नये.

या सवयीचे दुसरे नुकसान संथपणे होते. उसन्या वेगाने पहिल्या रांगेत आलेला स्वार शर्यतीत आठव्या क्रमांकावर घसरला की ‘सस्पेंशन बिघडले’ असे म्हणतो, वास्तविक बिघडलेले काहीच नसते. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. सरावात किमान तीन-चार फेऱ्या एकट्याने माराव्यात आणि फेरीच्या प्रत्येक टप्प्याची वेळ पात्रता फेरीतील वेळेशी ताडून पाहावी. फरक फक्त सरळ मार्गावर पडत असेल, तर तो वेग दुसऱ्याचा होता; वळणांच्या टप्प्यात पडत असेल, तर ब्रेक कोठे सोडला आणि थ्रॉटल केव्हा उघडला, तेथून तपास सुरू करावा.

गिअरची निवडही याच कारणाने फसते. एकट्याने धावताना अचूक वाटलेले गिअरिंग शर्यतीत स्लिपस्ट्रीम मिळताच अपुरे पडते, इंजिन सरळ मार्गाच्या शेवटी कमाल आवर्तनांवर अडकते आणि ओव्हरटेक करण्याच्या ऐन क्षणी वेग वाढत नाही. स्वाराला वाटते, इंजिन कमी पडते. एकट्याच्या फेरीत थोडी कमी आवर्तने मिळाली तरी चालतील, पण घोळक्यात वाव राहिला पाहिजे.

जर्मनीतील झाक्सनरिंग सर्किटवर पडणाऱ्यांचे निदान तर हमखास चुकते. या सर्किटच्या १३ वळणांपैकी १० डावी आहेत, त्यामुळे एकामागून एक डाव्या वळणांनंतर उताराकडे जाणारे अकरावे, उजवे वळण येईपर्यंत टायरची उजवी बाजू थंड झालेली असते. तेथे पुढचे चाक निसटले म्हणून सस्पेंशनची स्प्रिंग आणि डॅम्पिंग (धक्के शमवण्याची जुळणी) दोन्ही एकदम बदलणारा स्वार दुसऱ्या दिवशी तेथेच पुन्हा पडू शकतो आणि शिवाय कोणत्या बदलाने काय झाले हेही त्याला सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्या फेऱ्यांत त्या वळणावर मोटारसायकल कमी झुकवावी. मेकॅनिकला ‘पकड नाही’ एवढेच न सांगता ब्रेक लावताना, वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, हे स्पष्ट सांगावे.

इटलीतील मुजेल्लो सर्किटवर शेवटच्या फेरीत अखेरच्या वळणातून सर्वांत पुढे बाहेर पडणे हा विजय वाटतो, पण तेथील मुख्य सरळ मार्ग १,१४१ मीटरचा आहे आणि अंतिम रेषेआधीच मागचे दोघे-तिघे स्लिपस्ट्रीम घेऊन पुढे निघू शकतात. नेदरलँड्समधील आसेनला उलट आहे: अखेरच्या शिकेनपासून (लागोपाठच्या उलटसुलट वळणांपासून) रेषा जवळ असल्याने हल्ला शिकेनच्या आधीच करावा लागतो.

अलीकडच्या हंगामांत ७ ठिकाणी मिळून १४ शर्यती झाल्या आहेत. पहिल्या चार क्रमांकांना २५, २०, १६ आणि १३ गुण मिळतात. म्हणजे शनिवारी जिंकून रविवारी पडणाऱ्याला २५ गुण, तर दोन्ही दिवशी चौथा येणाऱ्याला २६ गुण मिळतात. हा हिशेब स्वाराला पाठ असतो, तरीही शनिवारी पडलेला स्वार रविवारी पहिल्याच फेरीत सगळी भरपाई करू पाहतो. माझ्या मते हंगाम घालवणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे.

पुढच्या गटात, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या सर्वांत खालच्या मोटो३ गटात, जाण्याची घाई पालकांकडून अधिक होते. २०१८ चा विजेता जान ओंजू याने त्याच वर्षी व्हॅलेन्सियाला, वयाच्या १५ व्या वर्षी, मोटो३ ची शर्यत जिंकली, पण २०१९ च्या पूर्ण हंगामात त्याला एकही पोडियम (पहिल्या तिघांतील स्थान) मिळाला नाही. होर्हे मार्टिनने मात्र रूकीज कपमध्ये ३ हंगाम काढले, २०१४ मध्ये विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. पेद्रो अकोस्ता २०१९ मध्ये दुसरा आला, थांबला, २०२० मध्ये जिंकला आणि पुढच्याच वर्षी मोटो३ चा जगज्जेता झाला. शिवाय २०२३ पासून ग्रँड प्रीसाठी, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींसाठी, काही अपवाद वगळता किमान वय १८ वर्षे केलेले आहे, त्यामुळे दुसरा किंवा तिसरा हंगाम वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

या वयात शरीरही हंगामाच्या मध्यातच बदलते. उंची वाढली की गुडघा, पाय आणि हँडल यांची बसकण बिघडते, वाऱ्यापासून लपता येत नाही आणि सरळ मार्गावर वेग घटतो. त्यावर मुलाचे जेवण तोडणे हा उपाय नव्हे. सीट, पायदाने आणि हँडल पुन्हा जुळवावीत, आणि लेदर सूट तंग झाला असल्यास बदलावा, कारण तंग सूटमध्ये एअरबॅगला फुगायला जागा राहत नाही. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, मळमळ किंवा विसरभोळेपणा डॉक्टरांपासून लपवून सुरुवातीच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुलाला त्याच्या आईवडिलांनीच थांबवले पाहिजे, मग गुणतक्त्यात तो पहिला असला तरी.