तुतीखालचा कार्प फ्लायवर लागत नाही? या चुका टाळा

मेअखेरीपासून जूनपर्यंत अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात नदीकाठच्या तुती पिकतात आणि फळं टपाटप पाण्यात पडू लागतात. एरवी तळाचा चिखल उकरणारा कॉमन कार्प तेव्हा वर येऊन झाडाखाली ठिय्या देतो. आपल्याकडे मत्स्यतळ्यात सायप्रिनस म्हणून सोडतात तोच हा मासा. फ्लायवर, म्हणजे हुकवर केस-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषावर, कार्प लागण्याची ही वर्षातली सर्वांत सोपी वेळ. तरी बरेच जण हात हलवत परततात, कारण ट्राउट मासा धरताना लागलेल्या सवयी सुटत नाहीत.

त्यातली सर्वांत नडणारी सवय म्हणजे फ्लाय अलगद उतरवणं. कार्पच्या वाताशयापासून अंतःकर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याचे कान तिखट. फळ पडल्याचा ‘डुबुक’ ऐकूनच तो वळतो. तेव्हा फ्लाय आवाज करतच पडू द्या, मात्र माशाच्या हात-दीड हात पुढे आणि किंचित बाजूला. डोक्यावर पडली तर तो गेलाच समजा. त्याच कानांना काठावरच्या खडीत घासणारे तुमचे बूटही ऐकू जातात.

फ्लाय पडली की ओढू नका. तुती कधी पोहत नाही. वाहत्या पाण्यात लाइनचा ताण फ्लायला तिरकी खेचतो, म्हणून लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका. मासा जवळ येऊन, बघून परत फिरत असेल तर लोक लगेच फ्लायचा रंग बदलतात. आधी हा ताण तपासा, बहुतेकदा दोष तिथेच असतो.

फ्लाय साधी चालते: ६ किंवा ८ नंबरच्या हुकवर हरणाच्या केसांचा जांभळट-काळा गोळा. कोरडी असताना ती तरंगते, भिजली की हळूहळू बुडते. मासे वरचं फळ टिपताहेत की बुडणारं, हे आधी पाहा आणि त्याप्रमाणे ती वापरा.

तोंड उघडलेलं दिसताच झटका दिला तर फ्लाय बाहेरच येणार. तोंड मिटून मासा खाली वळेपर्यंत थांबा, मग हातातली लाइन सरळ मागे ओढा. रॉड आभाळाकडे उचलायची हौस असेल तर वर फांद्या आहेत, हे लक्षात असू द्या.

टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा फ्लाय बांधायचा बारीक धागा, १० ते १२ पौंडांचा ताण सोसणारं हवं, रॉड ७ किंवा ८ वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). बारीक टिपेटवर मासा दमवत बसणं म्हणजे त्याचे हाल.

एक मासा लागून धडपडला की बाकीचे पांगतात. तिथेच फ्लाय आपटत न बसता पुढचं झाड गाठा. झाडाखाली सगळं शांत असेल तर वाऱ्याची किंवा फांद्या हलवणाऱ्या पक्ष्यांची वाट पाहा. मूठभर तुती स्वतः फेकण्याआधी त्या राज्याचे नियम वाचा, काही ठिकाणी असा चारा टाकायला बंदी आहे.