जुन्या कार्टूनला नवं रूप देताना आधी त्याची सावली बघा

अ‍ॅनिमेशन डिझाइन स्पर्धेसाठी जुनं पात्र नव्याने काढताय? डोळे, कपडे, रंग यांच्याकडे वळण्याआधी त्याची आकृती आतून पूर्ण काळी भरा. निव्वळ बाह्यरेषेवरून पात्र ओळखू आलं पाहिजे. ही ओळख ज्या दोन-तीन आकारांवर टिकून आहे, त्यांना हात लावू नका. बाकीच्यात हवी तेवढी मोकळीक घ्या.

मिकी माउसचंच बघा. 1928 मध्ये त्याचे डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके होते, हातमोजेही नव्हते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेचा अ‍ॅनिमेटर फ्रेड मूरने त्याला बुबुळं दिली, धड गुबगुबीत केलं, चेहऱ्यावर भाव खुलले. कान मात्र गोलच राहिले! डोकं कुठेही वळवा, ते खऱ्या कानांसारखे कडेने चपटे दिसत नाहीत. तुमच्या पात्राचा असा एखादा नियम असेल, तर टर्नअराउंड शीटवर (एकच पात्र वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या चित्रावर) तो समोरून, पाऊण कोनातून, बाजूने आणि मागून काढून दाखवा. माझ्या मते डिझाइनचा खरा कस इथेच लागतो.

शर्टावरच्या पट्ट्या कमी करा. हाताने अ‍ॅनिमेट करताना त्या प्रत्येक चित्रात पुन्हा काढाव्या लागतात.

आणि हक्क तपासाच. 1928 चा मिकी अमेरिकेत 1 जानेवारी 2024 ला कॉपीराइटमुक्त झाला, पण मूरचं रूप अजून नाही, आणि ट्रेडमार्क तर डिस्नेकडेच आहे. स्पर्धेच्या नियमांत मूळ पात्राच्या परवानगीबद्दल काय लिहिलंय, ते पहिली रेघ ओढण्याआधी वाचा.