बडोद्यात छोटी रीफ टाकी: मासे आणि कोरल ठरवण्याआधीची यादी

रीफ टाकी म्हणजे समुद्रातले मासे आणि कोरल (प्रवाळ) एकत्र ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिची यादी करायला बसाल तेव्हा माशांची नावं सगळ्यात शेवटी लिहा. पहिल्या ओळीवर टाकीचं माप येऊ द्या. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हिशेबाने १२७ लिटरची होते, पण दगड, वाळू आणि वर सोडलेली दोन-तीन बोटं जागा वजा केली की खरं पाणी शंभर लिटरच्या आसपास उरतं. तेवढ्यात चार मासे सुखाने राहतात. पाचवा अगदी लहान असेल तर कसाबसा खपतो. म्हणजे ही यादी वाढवायची नाही, खोडत न्यायची आहे. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात वजन जातं, तेव्हा जुन्या लाकडी टेबलावर भागेल असं समजू नका. आणि घर विश्वामित्रीच्या बाजूला, तळमजल्यावर असेल तर प्लगचे बोर्ड उंचावर घ्या. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर हे कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

दुसरी ओळ उन्हाळ्याची. रीफच्या टाकीला २४ ते २७ अंशांचं पाणी लागतं आणि बडोद्यात मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं. दिवे आणि पंप यांची ऊब वेगळीच. पाणी ३० च्या वर जाऊन तिथेच राहिलं की कोरल आपल्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासेही वर येऊन धापा टाकतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. हा उपाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान चालतो, पण पाऊस सुरू झाला आणि हवा दमट झाली की तोच पंखा नुसता फिरत राहतो. म्हणून एक तर टाकी अशा खोलीत ठेवा जिथे एसी दिवसभर चालणारच आहे, नाही तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, आधी घ्या, टाकी नंतर. माझं मत विचाराल तर चिलरचं किंवा एसीचं बजेट नसेल तर इथेच थांबावं. गोड्या पाण्यातल्या गप्पींनी घर काही कमी शोभत नाही.

पंख्याबरोबर आणखी एक काम येतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज कमी झालेलं पाणी मीठ न घातलेल्या शुद्ध पाण्यानेच (ते कसलं, ते पुढे येतंच) भरायचं, खाऱ्या पाण्याने नाही, नाही तर खारटपणा चढत जातो. काचेवर पर्मनंट मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि सकाळच्या चहाच्या वेळी तिथपर्यंत भरा, किंवा आपोआप भरणारं यंत्र लावा.

आता पाणी. नळाचं असो वा बोअरचं, थेट चालत नाही. घरच्या आरओचंही बहुतेक वेळा चालत नाही, कारण त्यात चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी हवं, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारा डीआयचा डबा. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम रीफ सॉल्ट, आणि घनता १.०२५ ते १.०२६. ती रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणाने, मोजा. खंभातचं आखात एवढं जवळ आहे, मग कॅन भरून आणू, असं म्हणणारा एक मित्र प्रत्येकाला असतोच. त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर इतका आहे की पाणी बाराही महिने गढूळ असतं आणि नद्या-कारखान्यांतून काय काय मिसळतं ते वेगळंच. त्या मित्राला प्रेमाने चहा पाजा आणि विषय बदला.

यापुढची ओळ कायद्याची आहे, आणि कोरलची निम्मी निवड तीच करून टाकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हेही त्यात. समुद्रघोडे आणि ट्रायडॅक्ना जातीचे मोठे क्लॅम, म्हणजे शिंपले, तेसुद्धा. परदेशी व्हिडिओंत जे डोलताना दिसतं ते हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, गोनिओपोरा, ॲक्रोपोरा, ब्रेन, सगळं कठीण प्रवाळांतच मोडतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतचा गुन्हा ३ ते ७ वर्षांच्या कैदेचा आहे. ‘सगळेच ठेवतात, काही होत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य आहे, वकिलाचं नाही. मेलेल्या कोरलचा वाळलेला सांगाडाही याच कायद्याखाली येतो, म्हणून टाकीत रचायला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला सच्छिद्र दगड घ्या. जिवाणूंना राहायला त्याची छिद्रं पुरतात. जिवंत कठीण कोरल डोळ्यांनी बघायची हौस असेल तर ती आपल्याच राज्यात भागते: कच्छच्या आखातात जामनगरजवळ १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि तिथे नराराला ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यातून चालत कोरल बघता येतात. येताना शिंपलाही उचलायचा नाही.

मग उरतात ती मऊ कोरल: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. तीही पक्क्या बिलावर आणि कुठून आली याचा कागद बघूनच. पहिल्या टाकीला हीच बरी, असं मी कायदा नसता तरी म्हटलं असतं. यांना सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे रोज कॅल्शियम मोजून घालायची कटकट नाही; दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बहुतेक भागतं. फार प्रखर दिवाही लागत नाही.

पण मऊ म्हणजे गरीब नव्हेत. लेदर कोरल पाण्यात अशी रसायनं सोडतं की शेजारच्यांची वाढ खुंटते, म्हणून फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची थैली कायम हवी आणि ती महिन्याला बदलायला हवी. याच लेदरची एक सवय आधी माहीत असलेली बरी: मधूनच ते मिटतं, चार-आठ दिवस सुकल्यासारखं दिसतं, अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरते. ‘मेलं’ म्हणून टाकून देऊ नका. पाण्याचा झोत जरासा त्याच्याकडे वळवा; ती साय सोलून निघते आणि आतून ताजा रंग वर येतो. झेनियाचे पंजे सतत उघडमिट करतात, बघत बसावंसं वाटतं, पण त्याला मुख्य दगडावर जागा देऊ नका. वाळूत एकटा पडलेला दगड द्या, नाही तर वर्षभरात सगळीकडे तेच. मशरूम खाली, सावलीत, मंद प्रवाहात. झोअँथिड मधल्या उंचीवर. दोन वेगळ्या जातींमध्ये आज निदान चार बोटं अंतर ठेवा; रिकामं दिसतं, पण ते वाढणार आहेत.

झोअँथिडबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला चीर असेल तर हात घालूच नका, आणि झोअँथिड लागलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका. वाफेतून ते विष अख्ख्या घराला बाधू शकतं. घरात लहान मुलं असतील तर टाकीला झाकण आणि कुलूप दोन्ही.

आता मासे, आणि आधी खोडायचे. निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो, तो कापा. बटरफ्लाय कोरलचे पॉलिप, म्हणजे त्यांचे इवलेसे जिवंत देह, खातो, कापा. बुटके एंजल सुंदर असतात, पण झोअँथिडला टोचे मारण्याची खोड कुणाला लागेल सांगता येत नाही, तेव्हा छोट्या टाकीत तो जुगार नको. मँडरिन कोपेपॉड नावाचे अगदी बारीक जिवंत जीव खातो, शंभर लिटरांत ते पुरत नाहीत आणि तो आपल्या डोळ्यांदेखत खंगतो. क्लीनर रॅसचीही तीच गत. डॅमसेल मात्र दुकानदार स्वतःहून पुढे करेल: स्वस्त, चिवट, ‘टाकी सेट करायला बेस्ट’. सेट झाल्यावर तो बाहेर निघत नाही, सगळे दगड उचलल्याशिवाय सापडत नाही, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला कोपऱ्यात दाबतो. टाकी सेट करायला, म्हणजे पाण्यात जिवाणू रुजवायला, मासा लागतच नाही. बाटलीतले जिवाणू आणि अमोनियाचे थेंब घालून चार ते सहा आठवडे थांबलं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की झालं.

ठेवायचे ते असे. क्लाउनफिशची जोडी, ज्याला पोरं दुकानात निमो म्हणून मागतात. ऑसेलारिस जातीची घ्या. एक मोठा, एक ठळकपणे लहान असे निवडा. हे सगळे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. दोन सारखेच मोठे आणले तर मादीपदासाठी मारामारी ठरलेली. हॅचरीत वाढलेले मागा. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने कधीच बसवलं आहे, मग समुद्रातून पकडलेले कशाला? यांना ॲनिमोन लागतोच असा समज आहे, तोही खोडा. ॲनिमोन जागा बदलत सरकतो, वाटेत येईल त्या कोरलला डंख करतो आणि एखाद्या रात्री पंपात अडकून सगळं पाणी नासवतो. क्लाउन लेदरच्या झुपक्यातही घर करतात. फक्त लेदर नवीन आणि लहान असेल तर त्यांच्या घासण्याने ते उघडत नाही, म्हणून आधी लेदर रुळू द्या.

तिसरा मासा पिवळा वॉचमन गोबी, आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी. माझ्या लेखी अख्ख्या टाकीचे पैसे ही जोडी वसूल करते. कोळंबीला नीट दिसत नाही. ती वाळू उकरून बीळ करते, खडे पुढ्यात धरून बाहेर ढकलते, आणि हे करताना तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीवर टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवली की क्षणात दोघं आत. यांच्यासाठी दोन इंच वाळू आणि वाळूच्या खाली, थेट काचेवर टेकवलेले दगड हवेत. वाळूवर रचलेले दगड ती पोखरून पाडते. चौथा फायरफिश किंवा रॉयल ग्रामा, दोन्हीतला एकच. फायरफिश घाबरट आहे आणि उडी मारतो, म्हणजे जाळीचं झाकण आलंच. पाचवा हवाच असेल तर टेलस्पॉट ब्लेनी. शैवाल खरवडत बसतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सफाईला थोड्या गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी. मुख्य टाकीत तांब्याचं औषध कधीही नाही, ते कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना मारतं. म्हणून आजारपणासाठी आणि नव्या माशाला चार-सहा आठवडे वेगळं ठेवायला चाळीसेक लिटरचा साधा डबाही यादीत धरा.

क्रम घाबरट माशापासून धीटाकडे: आधी फायरफिश, मग गोबी, क्लाउन सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर क्लाउन अख्खी टाकी आपल्या नावावर करून बसतील.

घरातल्यांशी बोलून घ्यायच्या गोष्टी थोड्या, पण त्यांवर घासाघीस होते. त्या खोलीत मच्छरांची लिक्विडची मशीन नाही, झुरळांचा स्प्रे नाही. त्यातलं औषध माशांना आणि कोळंबीला फार थोड्या मात्रेत मारतं. पावसाळ्यात सोसायटीत फॉगिंगवाला आला की खिडक्या बंद आणि हवेचा पंपही थोडा वेळ बंद. टाकी स्वयंपाकघराला लागून नको, फोडणीचा तेलकट पापुद्रा पाण्यावर धरतो. वीज गेली तर चालणारा बॅटरीचा एअरपंप घ्या आणि महिन्यातून एकदा मुद्दाम मेन बंद करून तो चालू होतो का बघा. पुण्याला लग्नाला जाल तेव्हा खाणं शेजारच्या काकींच्या भरवशावर सोडू नका, त्या मायेने डबाभर घालतील; गोळ्यांच्या डबीत रोजची चिमूट वेगळी काढून ठेवा आणि बाकीचं कपाटात लपवा.

खरेदीच्या दिवशी दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो लगेच झडप घालतो तो मासा घ्या. पोट खपाटीला गेलेलं, पर मिटलेले, कल्ले भराभर हलणारे, अंगावर मिठासारखे पांढरे दाणे, यांतलं एक जरी दिसलं तरी रिकाम्या हाताने परत या, मग दुकान अलकापुरीत असो की दुसऱ्या टोकाला. मुंबईहून रात्रीच्या गाडीने पार्सल येणार असेल तर पिशवी फोडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंदच तरंगू द्या. इतक्या तासांत पिशवीत अमोनिया साठलेला असतो. ती उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नका. वेगळ्या डब्याची घनता दुकानदाराकडून आधीच विचारून जुळवून ठेवा, मासा जाळीने उचलून त्यात सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. मुख्य टाकीत गेल्यावर आठवडाभर रोज अमोनिया तपासा, आणि आकडा शून्यावरून हलला नाही तरच पुढच्या माशाची ऑर्डर द्या.